अंगणात हिरवळ की परसबाग? पहिल्यांदाच बाग करणाऱ्यांसाठी तुलना

पुणे, नाशिक किंवा साताऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढावे लागतात, तिथे घरासमोर ५०० चौरस फूट मोकळी जागा असलेल्या माणसापुढे बहुधा दोन पर्याय येतात. एक म्हणजे सलग हिरवळ आणि कडेने चार शोभेची झाडे. दुसरा म्हणजे ओळखीची झुडपे, वेली आणि भाजीचा एखादा वाफा यांची मिळून केलेली परसबाग. सगळे अंगण पेव्हर ब्लॉकने झाकण्याचा तिसरा पर्यायही सुचवला जातो, पण त्याने पावसाचे पाणी मुरत नाही आणि उन्हाळ्यात घरासमोर भट्टीसारखी धग राहते, म्हणून त्याचा येथे विचार केलेला नाही.

निर्णयाची सुरुवात पाण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हा हिशोब ध्यानात ठेवला की पुढचे सगळे सोपे होते. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचे ठरवले, तर रोज २३० लिटर आणि दोन महिन्यांत जवळजवळ १४,००० लिटर पाणी लागते. तेवढ्याच जागेत २५ झुडपे लावून प्रत्येकाला ताशी ४ लिटरच्या ठिबक तोटीने एक दिवसाआड तासभर पाणी दिले, तर रोजची सरासरी ५० लिटर येते. ४ फूट बाय ८ फुटांचा भाजीचा वाफा धरला, तर त्यात आणखी १५ लिटरची भर पडते. झुडपांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे तीन-चार बोटे जाडीचे आच्छादन घातले, तर माती लवकर सुकत नाही. हिरवळीवर असे आच्छादन घालण्याची सोय नसते.

उन्हाच्या बाबतीत नवख्या माणसाची फसगत अधिक होते. हिरवळीला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. घराच्या उत्तरेकडील जागा मे महिन्यात उन्हाने भरलेली दिसते, कारण त्या काळात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. परंतु डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलला की तीच जागा घराच्या सावलीत जाते आणि उन्हाळ्यात अंथरलेली हिरवळ थंडीत विरळ होऊ लागते. आमच्या स्वतःच्या अंगणात असेच झाले होते. त्यामुळे कोणतीही खरेदी करण्यापूर्वी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीची कड रांगोळीने आखून पाहावी आणि हिवाळ्यात ती कुठवर येईल याचा विचार करावा. परसबागेत या अडचणीला वाट असते: उन्हाच्या बाजूला जास्वंद, मोगरा आणि कडीपत्ता लावता येतो, तर सावलीच्या व ओलीच्या बाजूला, विशेषतः मोरीचे पाणी जाते तिथे, अळू चांगला वाढतो.

मातीही पाहावी. काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर हिरवळ करायची असेल, तर पाण्याला उतार देऊन वर पोयट्याचा थर घालावा लागतो. झुडपांसाठी फक्त दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन त्यांत माती व कुजलेले शेणखत मिसळून भरले तरी भागते.

हिरवळीचे गुणही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. लहान मुलांना खेळायला, संध्याकाळी सतरंजी टाकून बसायला तिच्यासारखी दुसरी जागा नाही. तिचे तयार गालिचे अंथरले की काही आठवड्यांतच अंगण भरलेले दिसते, तर झुडपांना आकार यायला दुसरा पावसाळा उजाडतो. तिच्यावर सगळे उघडे दिसते. दाट झुडपांत मात्र साप-विंचू दडू शकतात, म्हणून परसबागेत भिंतीलगत दोन फुटांची पट्टी मोकळीच ठेवावी. मात्र पावसाळ्यात हिरवळ दर आठ-दहा दिवसांनी कापावी लागते आणि लव्हाळा एकदा शिरला की त्याच्या जमिनीतल्या गाठी खणून काढल्याशिवाय तो जात नाही. झुडपांची छाटणी वर्षातून दोनदा केली तरी पुरते.

परसबागेकडे माझे मन ओढ घेते ते आणखी एका कारणाने. कडीपत्ता आणि लिंबू यांच्या पानांवर फुलपाखरे अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉर्मॉनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढतात. पाने कुरतडलेली दिसली की लगेच फवारणी करू नये; मोठे झाड त्यातून सावरते.

मुले लहान असतील आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मे महिन्यातही टिकत असेल, तर उन्हाच्या जागी १०० चौरस फुटांची हिरवळ ठेवून बाकी जागेत परसबाग करावी. पाणी टँकरचे असेल, तर हिरवळ अजिबात घेऊ नये. लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरी कण्हेर टाळावी, कारण तिचे सगळे भाग विषारी असतात. वड, पिंपळ किंवा उंबर भिंतीजवळ लावू नयेत. त्यांची मुळे पायात शिरतात आणि शहरी भागात मोठे झालेले झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. खड्डे मे महिन्यात घेऊन तापू द्यावेत आणि जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत.