सगळे आकडे बरोबर आले, खडा मात्र भट्टीतला निघाला : पुष्कराजात गेलेले दीड लाख रुपये

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि त्याच विषयात फसलो, हे लिहिताना मला अतिशय लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण ज्या दालनात मी खडा घेतला तिथे त्या दिवशी माझ्यासारखी पंचवीस-तीस माणसे खरेदी करत होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या बोटात आजही तसलाच खडा असावा, अशी मला रास्त शंका आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकच्या एका हॉटेलात तीन दिवसांचे रत्नप्रदर्शन भरले होते. मुलीचे लग्न दोन वर्षे जुळत नव्हते, पत्रिका पाहणाऱ्यांनी गुरूचा खडा सुचवला होता आणि पत्नीने तो विषय लावून धरला होता. खड्याने गुरुबळ मिळते की नाही, या वादात मी इथे शिरत नाही. घरातल्या माणसाची श्रद्धा होती आणि मला ती मोडायची नव्हती. मात्र खडा घ्यायचाच तर तो खरा असेल, ही जबाबदारी माझी, असे मी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते.

विक्रेत्याने दाखवलेला खडा सव्वापाच रत्तीचा, म्हणजे ४.७८ कॅरेटचा होता. ‘सिलोनी पुष्कराज, भट्टी न लावलेला’, म्हणजे उष्णता न दिलेला, असे त्याचे वर्णन होते. भाव कॅरेटला ३१,५०० रुपये, हिशेबाने १,५०,५७० रुपये, आणि व्यवहार १,५०,००० रुपयांना ठरला. इथेच एक गोष्ट सांगून टाकतो : रत्तीचा भाव ऐकूच नका. रत्ती कच्चीही असते आणि पक्कीही, आणि दोन्हींचे वजन वेगळे. कॅरेट म्हणजे मात्र सगळीकडे ०.२ ग्रॅमच.

‘पुष्कराज’ या शब्दातच एक खोट आहे आणि ती मला ठाऊक होती, हे मी स्वतःच्या बाजूने आवर्जून नोंदवतो. शाळेच्या पुस्तकातल्या मोहसच्या काठिण्यश्रेणीत आठव्या क्रमांकावर जो पुष्कराज असतो तो टोपाझ, म्हणजे फ्लोरीनयुक्त ॲल्युमिनियम सिलिकेट. सराफाच्या पेढीवरचा पुष्कराज मात्र पिवळा नीलम असतो, म्हणजे नवव्या क्रमांकावरचा कुरुंद, शुद्ध रसायनाच्या भाषेत ॲल्युमिनियम ऑक्साइड. या गोंधळाचा फायदा घेऊन टोपाझ आणि त्याहून स्वस्त सुनेला, जो साध्या गारेचाच (क्वार्ट्झचा) पिवळा प्रकार आहे, पुष्कराज म्हणून गळ्यात मारले जातात. माझे सगळे लक्ष त्या फसवणुकीवर होते. चोर समोरच्या दाराने येईल असे धरून मी रात्रभर तिथे पहारा दिला.

मी विक्रेत्याला सांगितले की खडा एक दिवस मला शाळेच्या प्रयोगशाळेत न्यायचा आहे. २५,००० रुपये अनामत ठेवून घेऊन त्याने लगेच होकार दिला. इतक्या सहज होकार देणाऱ्या माणसाला तपासणीची भीती का वाटत नाही, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. मला उलट त्याच्याबद्दल विश्वास वाटला.

प्रयोगशाळेत मी खडा हवेत तोलला : ०.९५६ ग्रॅम. बारीक तारेच्या झोळीत ठेवून पाण्यात तोलला : ०.७१७ ग्रॅम. वजनातली घट ०.२३९ ग्रॅम, म्हणजे सापेक्ष घनता बरोबर ४.००. टोपाझ असता तर ती ३.५३ च्या आसपास आली असती आणि सुनेला असता तर २.६५. मग एकमेकींशी काटकोनात धरलेल्या दोन पोलरॉइड पट्ट्यांच्या मध्ये खडा फिरवला. एका पूर्ण फेरीत तो चार वेळा उजळला आणि चार वेळा काळवंडला. काच किंवा घनाकृती स्फटिक असे करत नाही, म्हणजे खड्याची रचना दुहेरी अपवर्तन करणारी होती. गारेच्या स्फटिकावर त्याने ओरखडाही काढला. कुरुंदात ऑक्सिजनचे अणू षट्कोनी पद्धतीने घट्ट रचलेले असतात आणि त्यांच्यामधल्या अष्टफलकी पोकळ्यांपैकी दोन तृतीयांश पोकळ्या ॲल्युमिनियमने भरलेल्या असतात, आणि त्या घट्ट रचनेतूनच ही घनता आणि हे काठिण्य येते, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवले आहे. माझे प्रत्येक निरीक्षण अचूक होते, आजही अचूक आहे. खडा कुरुंदच आहे.

आता तो क्षण सांगतो, जो आठवला की झोप उडते. दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे देताना विक्रेत्याने एका प्रयोगशाळेचे लॅमिनेट केलेले कार्ड हातात दिले. त्यावर छापले होते : पारदर्शक, पिवळा, पैलू पाडलेला खडा, खनिज कोरंडम (म्हणजेच कुरुंद), अपवर्तनांक १.७६२ ते १.७७०, घनता ४.००, काठिण्य ९. खाली ‘शेरा’ असा रकाना होता आणि तो कोरा होता. ‘नैसर्गिक’ हा शब्द त्या कार्डावर कुठेही नव्हता. मी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले होते, हे मला लख्ख आठवते. तो म्हणाला, “सर, कोरंडम लिहिले म्हणजे ओरिजिनलच. तुम्ही स्वतः तपासले आहे, तुम्हाला काय सांगायचे?” आणि मी मान डोलावली. माझे ४.०० आणि कार्डावरचे ४.०० जुळल्याचा मला इतका आनंद झाला होता की त्या कोऱ्या रकान्याचा विचार तिथेच संपला.

दुसरी खूण तर हातातच होती. दहापटीच्या भिंगाखाली खड्यात काहीही दिसत नव्हते : एक सुई नाही, पाण्याचा बारीक पडदा नाही, रंगाचा सरळ पट्टा नाही. नाशिकच्या परिसरात विहिरी खोदताना निघालेले ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट या खनिजांचे स्फटिक मुले वर्षानुवर्षे मला आणून देत आली. त्यातला एकही स्फटिक मी आतून संपूर्ण स्वच्छ पाहिलेला नाही. जमिनीत वाढलेला स्फटिक भोवतीचे काही ना काही सहसा पोटात घेतोच. सिलोनी नीलमात रुटाइल या खनिजाच्या रेशमासारख्या सुया आणि बोटांच्या ठशासारखे द्रवाचे पडदे सहसा आढळतात. निर्दोष नैसर्गिक खडे असतात, पण फार थोडे, आणि ते हॉटेलच्या दालनात घासाघीस करून मिळत नाहीत. मी त्या स्वच्छतेला गुण समजलो.

चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अंगठी मोडून खडा बदलायचा विषय निघाला. ओळखीच्या सराफाने खडा पाहून काही न बोलता मुंबईच्या एका प्रयोगशाळेचा पत्ता दिला. तिथे २,४०० रुपये भरले आणि तीन दिवसांनी अहवाल आला : ‘सिंथेटिक सफायर, फ्लेम फ्यूजन’, म्हणजे ज्योतीत वितळवून बनवलेला कृत्रिम नीलम.

ही पद्धत फ्रान्सच्या ऑगस्त व्हर्न्युई यांनी १९०२ मध्ये जाहीर केली. शुद्ध ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची, पूड ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडतात. २००० अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेत ती वितळते आणि खालच्या दांडीवर थेंबाथेंबाने साचून काही तासांत गाजराच्या आकाराचा एकसंध स्फटिक तयार होतो. रासायनिक सूत्र तेच, अणुरचना तीच, म्हणून घनता, काठिण्य आणि अपवर्तनांकही तेच. फरक फक्त वाढीच्या खुणांत राहतो. जमिनीत वाढलेल्या कुरुंदाचे थर सपाट असतात, म्हणून रंगाचे पट्टे सरळ किंवा कोनात दिसतात. ज्योतीखालच्या स्फटिकाचे डोके गोल असते, म्हणून त्याचे थर कमानीसारखे वाकडे पडतात. पिवळ्या खड्यात ते साध्या भिंगाखाली सहसा दिसत नाहीत. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी खडा दाट द्रवात बुडवून, निळी काच मध्ये धरून ते मला दाखवले आणि सोबत दोन गोल बुडबुडेही दाखवले. क्ष-किरण तपासणीत निकेल सापडले, कारण पिवळा रंग निकेलने दिलेला होता. नैसर्गिक नीलमात जे गॅलियम आणि लोह आढळते त्याचा माग नव्हता. त्यांनी शांतपणे सांगितले की असा खडा बाजारात काही शे रुपयांना मिळतो.

अंगठीची घडणावळ ४,८०० रुपये, तपासणी २,४००, प्रवास ३,१५०, पुढे वकिलांचे १५,००० आणि खड्याचे १,५०,००० मिळून आजवर १,७५,३५० रुपये गेले आहेत.

आता अधिकाऱ्यांविषयी. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी बंदोबस्त होता. तिसऱ्या दिवशी अहवाल वाचून मला विचारण्यात आले, “यात सफायरच लिहिले आहे, मग फसवणूक कसली?” सिंथेटिक या शब्दाचा अर्थ मी वीस मिनिटे समजावून सांगितला. त्यावर उत्तर आले की रसायन तेच असेल तर वाद फक्त किमतीचा आहे आणि ती दिवाणी बाब आहे. पुढच्या खेपेला फसवणुकीचे जुने कलम ४२० लावायचे की नव्या भारतीय न्याय संहितेचे ३१८, यावर दोन अधिकाऱ्यांची माझ्यासमोर चर्चा झाली. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि व्यवहार त्याआधीचा असल्याने जुनेच कलम लागते, हे शेवटी मी सांगितले. गुन्हा अद्याप नोंदवलेला नाही. माझ्याकडे फक्त अर्जाची पोच आहे. वैधमापन कार्यालयाने वजन बरोबर असल्याचे सांगून हात झटकले. हॉलमार्कची चौकशी केली तेव्हा कळले की ती खूण सोन्याच्या शुद्धतेपुरती असते आणि त्यात बसवलेल्या खड्याची हमी कोणीही घेत नाही. पहिले कार्ड देणाऱ्या प्रयोगशाळेने तर लेखी कळवले की, ‘उगमाची तपासणी मागितली नव्हती, आम्ही गुणधर्म बरोबर नोंदवले आहेत.’ त्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, म्हणूनच ते वाचून माझा इतका संताप झाला. निकेल शोधू शकणारी यंत्रे ज्या देशात आहेत, तिथे हजारो रुपयांच्या खड्यासोबत अर्धवट कार्ड देण्याला कोणी आडकाठी करत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे एप्रिल २०२५ मध्ये तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, एवढा एकच दिलासा. चार तारखा झाल्या. विक्रेत्याला पाठवलेली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा लागून दोनदा परत आली. आणि इथे माझी स्वतःची चूक आडवी येते. बिल फक्त ५०,००० रुपयांचे आहे, त्यावर ‘पिवळा खडा, १ नग’ एवढेच लिहिले आहे, आणि उरलेले १,००,००० मी रोख दिले, कारण पूर्ण बिल केले तर भाव वाढेल असे तो म्हणाला होता. करचुकवेगिरी करण्याचा माझा हेतू नव्हता. पैसे आयुष्यभराच्या बचतीतले होते आणि मला ते वाचवायचे होते. रोख देऊ नका. बिलावर ‘नैसर्गिक पिवळा नीलम’ हे शब्द, कॅरेटमधले वजन, उष्णता किंवा अन्य प्रक्रिया केली आहे की नाही, आणि पूर्ण रक्कम, एवढे लिहून दिले नाही तर दुकानातून बाहेर पडा. विक्रेत्याने आणलेले कार्ड बाजूला ठेवा आणि तुम्ही निवडलेल्या प्रयोगशाळेत तुमच्या हाताने खडा द्या. ‘कुरुंद आहे का’ असे विचारू नका, ‘जमिनीतला आहे का’ असे विचारा. ओरखड्याची परीक्षा कोणी करून दाखवत असेल तर ती पाहूसुद्धा नका. भट्टीतला खडाही गारेला तितक्याच सहज ओरखडतो.

डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकच्या त्या प्रदर्शनात ज्यांनी पिवळा, निळा किंवा लाल खडा घेतला असेल, त्यांनी तो या आठवड्यात तपासून घ्यावा. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते आणि उशीर झाला असेल तर त्याचे कारण लेखी द्यावे लागते. माझी पाचवी तारीख पुढच्या महिन्यात आहे. खडा, दोन्ही अहवाल, अर्धवट बिल आणि शाळेतल्या वजनांचा कागद घेऊन मी तिथे जाणार आहे.