मोनाझाइटचा नमुना: स्फटिक उत्तम, माहिती अपुरी

खनिजसंग्रहासाठी मागवलेला मोनाझाइटचा हा स्फटिक जेमतेम नखाएवढा आहे, पण तांबूस-तपकिरी रंग, राळेसारखी चकाकी आणि आकाराच्या मानाने हाताला जाणवणारे वजन यांमुळे तो पाहताक्षणी मनात भरला. सिरियम, लँथॅनम, निओडिमियम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असलेले हे फॉस्फेट खनिज त्यातील थोरियममुळे किरणोत्सारी असते. किरणोत्सार मोजणारा गायगर गणक जवळ नेताच टिकटिक झपाट्याने वाढली. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचा विक्रेत्याने चिठ्ठीवर साधा उल्लेखही करू नये, हे मला अजिबात पटले नाही. शिवाय डबीत बारीक पूड सांडलेली होती, आणि ती श्वासावाटे शरीरात जाणे धोक्याचे असल्याने ओल्या कागदाने टिपून घ्यावी लागली. जाणकार संग्राहकाने नमुना जरूर घ्यावा, मात्र तो बंद डबीतच ठेवावा.