टॉक टॉक ऐकायचंय: आधी 'स्पिरिट ऑफ ईडन' की 'लाफिंग स्टॉक'?

टॉक टॉक या इंग्लिश बँडचं 'इट्स माय लाइफ'च्या काळातलं सिंथपॉप (सिंथेसायझरवर बेतलेलं पॉप) ऐकून झालंय आणि आता त्यांच्या उत्तरार्धाकडे वळायचंय, अशा श्रोत्यापुढे दोन अल्बम येतात: १९८८चा 'स्पिरिट ऑफ ईडन' आणि १९९१चा 'लाफिंग स्टॉक'. दोन्ही थोर आहेत असं म्हणून विषय मिटवता येईल, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

घडण जवळपास सारखीच. लंडनचा वेसेक्स स्टुडिओ, ध्वनिमुद्रणाला फिल ब्राउन, काळोख केलेली खोली. पाहुण्या वादकांनी मोकळेपणी वाजवायचं आणि त्यातलं मोजकंच निवडून गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीज-ग्रीन यांनी गाणं जोडायचं. मधल्या काळात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकचेरी झाली, बेसवादक पॉल वेब बाहेर पडला. वेबची उणीव 'लाफिंग स्टॉक'मध्ये जाणवते, निदान मला. ड्रमवादक ली हॅरिसचा ठेका तिथे अगदी उघड्यावर येतो आणि 'आफ्टर द फ्लड'मध्ये तोच एक ठेका मिनिटांमागून मिनिटं आपल्याला ओढत नेतो. त्याच गाण्यात मिनिटभर एकाच सुरावर ताणलेला सोलो आहे. धाडस हाच निकष असेल तर 'लाफिंग स्टॉक' पुढे, यात मला शंका नाही.

माझं अडतं ते 'आफ्टर द फ्लड'च्या आधीच्या गाण्यापाशी. 'असेन्शन डे'मध्ये गिटारचा कल्लोळ चढत जातो आणि ऐन भरात आवाज कापला जातो. ओसरणं नाही, समेवर येणं नाही; कात्रीनं फीत तोडावी तसं. लगेच पुढचं गाणं अगदी हलक्या पावलांनी सुरू होतं. हे मुद्दाम केलंय हे कळतं, पटतंही. तरी ती जागा जवळ आली की माझं संगीतावरचं लक्ष उडतं आणि मी नुसता त्या कापाची वाट पाहत बसतो. हेडफोनवर तर फारच. इतक्या एकाग्रतेनं ऐकायच्या अल्बममध्ये हे मला जड जातं.

'स्पिरिट ऑफ ईडन'मध्येही गोंगाट आहे. 'डिझायर' दबक्या सुरुवातीनंतर अक्षरशः फुटतं, पण पुन्हा त्याच शांततेत उतरतं आणि उतरताना आपल्याला सोबत नेतं. पहिली तीन गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, ती सलगच ऐकावीत. आणि 'आय बिलीव्ह इन यू'! हेरॉइनच्या विळख्यावरचं गाणं, पण उपदेशाचा एक शब्द नाही. मुलांचा कॉयर (गायकवृंद) येतो तेव्हा आजही गळा दाटतो.

म्हणून मी तरी 'स्पिरिट ऑफ ईडन' आधी सुचवेन. पॉपमधून थेट इतकी उडी अवघड वाटली तर मध्ये १९८६चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' ऐकावा. जॅझचा किंवा एकाच ठेक्यावर चालणाऱ्या लांबलचक रचनांचा कान असेल, तर उलटा क्रमही चालेल. अशा श्रोत्यांना 'असेन्शन डे'मधला तो काप कदाचित खटकणारही नाही.