क्रेडिट रिपोर्ट: दहा महिन्यांचा माझा अनुभव

जानेवारीत घराच्या कर्जाची चौकशी करायला रावपुऱ्यातल्या एका बँकेत गेले, तर "मॅडम, क्रेडिट स्कोअर 668 आहे, अवघड दिसतंय" असं ऐकावं लागलं. आजवर एक हप्ता चुकवलेला नाही. घरी येईपर्यंत डोकं सुन्न झालं होतं.

हा स्कोअर क्रेडिट रिपोर्टमध्ये असतो, म्हणजे आपण कर्जांचे आणि कार्डांचे पैसे कसे फेडले याच्या नोंदीत. असा रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी चारही एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एक काढते. फुकटची लिंक मात्र शोधावी लागते, पैसे भरायच्या योजना आधी समोर येतात.

पहिला रिपोर्ट दांडिया बाजारात छापून आणला. रात्री जेवणं आटोपल्यावर मी आणि हे, एकेका ओळीखाली पट्टी धरून वाचत बसलो. स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, पण तो का घसरला हे पुढच्या पानांवर कळतं. तिथे प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. 000 म्हणजे पैसे वेळेवर भरले, इतर आकडा असेल तर तितके दिवस उशीर. माझ्या बाकी सगळ्या खात्यांत 000, आणि एका क्रेडिट कार्डाखाली 030, 060, 090 असे चढत गेलेले आकडे! ते कार्ड मी 2021 मध्येच बंद केलं होतं. त्यानंतरही बँकेने 500 रुपये वार्षिक फी आणि 18 टक्के जीएसटी, असे 590 लावले होते. दंड-व्याज धरून बाकी चार हजारांवर गेली होती.

रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाकली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "बँकेच्या मते माहिती बरोबर आहे." बँकेने होकार दिल्याशिवाय रिपोर्टवाली कंपनी नोंद बदलू शकत नाही, हे तेव्हा कळलं. बँकेच्या कॉल सेंटरने सुचवलं, "1500 भरा आणि सेटल करून टाका." कृपा करून हे करू नका! "सेटल्ड" शेरा म्हणजे कर्जदाराने पूर्ण पैसे दिले नाहीत, असा अर्थ होतो आणि तो पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो. मी कार्ड बंद केल्याचा जुना ईमेल शोधून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला पाठवला, आणि दर आठवड्याला पाठपुरावा केला. मे महिन्यात दुरुस्ती झाली. जुलैत स्कोअर 741.

एप्रिलच्या रिपोर्टने वेगळंच दाखवलं. मावसभावाच्या दुकानाच्या कर्जाला मी जामीन आहे, हे मी जवळजवळ विसरले होते. ते कर्ज माझ्या नावाखाली होतं आणि दोन महिने उशीर झालेला. लगेच फोन केला, "दादा, काही अडचण आहे का?" धंदा मंदावला होता, संकोचाने बोलला नव्हता. आता हप्त्याच्या आधी आम्ही बोलतो.

आपला रिपोर्ट आपण बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. ऑफिसमधल्या मैत्रिणी याच भीतीने बघत नाहीत. पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, तर मात्र फरक पडतो. आणि एफडी, नणंदेकडचे हातउसने यांतलं काहीच रिपोर्टमध्ये नसतं, म्हणून त्यांची वही मी वेगळी ठेवते.

ऑक्टोबरच्या रिपोर्टमध्ये त्या कार्डापुढे "क्लोज्ड", बाकी शून्य. ते पान कर्जाच्या नव्या अर्जाला जोडलं आहे.