घरबसल्या एलएलबी? माझे ७२ हजार कसे गेले

घरी बसून, मोबाइलवर व्याख्यानं ऐकून एलएलबी होत नाही. वकिलीची सनद मिळवून देणारी ऑनलाइन एलएलबी आज देशातल्या कुठल्याही विद्यापीठाकडे नाही. कुणी तुम्हाला "आमच्याकडे आहे" म्हणत असेल, तर तो तुम्हाला दुसरंच काहीतरी विकतो आहे. मला ते नागपुरात बर्डीवरच्या एका ऑफिसात विकलं गेलं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. पण त्यांची पद्धत सविस्तर सांगते, कारण तशाच जाहिराती मला अजूनही दिसतात.

मी धंतोलीत एका कर सल्लागारांकडे काम करते. बी.कॉम. नागपूर विद्यापीठाचंच. जीएसटीच्या नोटिसांना उत्तरं तयार करणं, अपिलाचे कागद लावणं हे रोजचं काम. प्रकरण हायकोर्टात गेलं की फाइल सिव्हिल लाइन्सला वकिलांकडे जाते आणि आमचा हात तिथं सुटतो. त्याच्या पुढचंही आपल्याला यावं, ही इच्छा फार जुनी. लग्न झालं, मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण निघालं, कॉलेज राहूनच गेलं. म्हणून "नोकरी सांभाळून एलएलबी" ही जाहिरात पाहून मी गेले. या इच्छेची मला लाज वाटत नाही. त्यांनी नेमका याच इच्छेचा धंदा केला, याचा मात्र राग आहे.

समुपदेशक म्हणून बसलेला मुलगा अगदी घरच्यासारखा बोलला. "ताई, कोरोनानंतर सगळंच ऑनलाइन झालं नं. कोर्टाची सुनावणी मोबाइलवर होते, मग लॉ ऑनलाइन काऊन नाही होणार?" मी विचारलं, विद्यापीठ खरं आहे का? त्यानं यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, संकेतस्थळावरचं नाव दाखवलं. घरी येऊन मी स्वतःही पाहिलं. नाव होतं. परराज्यातलं खासगी विद्यापीठ, यूजीसीच्या यादीत, खोट्या विद्यापीठांच्या यादीत नाही. ती दुसरी यादीही मी तपासली, कारण तिच्यात नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे हे मला ठाऊक होतं.

सापळा इथंच होता. विद्यापीठ खरं असणं वेगळं आणि त्याला कायद्याचा अभ्यासक्रम चालवायची परवानगी असणं वेगळं. ती परवानगी वकिली व्यवसायाचं नियमन करणारी बार कौन्सिल ऑफ इंडिया देते, तीही एकेका महाविद्यालयाला, ठरावीक मुदतीसाठी. कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत नियमित अभ्यासक्रम म्हणजे काय ते स्पष्ट आहे : दिवसाला किमान ५ तास, आठवड्याला किमान ३० तास वर्ग, आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. शिवाय यूजीसीच्या २०२० च्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांत जे विषय या मार्गानं शिकवायला मनाई आहे, त्यांत वैद्यकीय आणि अभियांत्रिकीबरोबर कायदाही आहे. त्या मुलानं मला दाखवलेला प्रत्येक कागद खरा होता. जे दाखवायला हवं होतं, तेवढंच त्यानं दाखवलं नाही.

फी ७२ हजार. १२ हजार यूपीआयनं लगेच, उरलेले ६० हजार "संस्थेच्या सोप्या हप्त्यांत". आधार, पॅन घेतलं, "केवायसीचा ओटीपी येईल, तेवढा सांगा ताई" म्हणाले. तो ओटीपी एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा होता. ६० हजार त्याच दिवशी संस्थेला मिळाले आणि कर्जदार झाले मी. म्हणजे शिकवलं काय, नाही शिकवलं काय, संस्थेचं काहीच अडकलेलं नव्हतं. हप्ता थांबवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, माझी खराब होणार होती. ही व्यवस्था इतकी विचारपूर्वक केलेली असते की नंतर भांडायचं कुणाशी, हेच माणसाला कळत नाही.

वर्ग सुरू झाले. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, संविधान आणि करार कायद्यावरच्या पीडीएफ. शिकवणं वाईट नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. परीक्षा घरूनच, पुस्तक उघडं ठेवून. गुणपत्रिका आली ती पहिल्या श्रेणीची, वर विद्यापीठाचं नाव आणि खाली गोल शिक्का.

ती गुणपत्रिका मी आमच्या ऑफिसच्या ओळखीच्या ज्येष्ठ वकिलांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एकच विचारलं, "अटेंडन्स कुठं लागली तुमची?" मी म्हटलं, "सर, ऑनलाइन आहे." ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बेटा, पावती आण बरं." पावतीवर एलएलबी हे शब्द कुठंच नव्हते. "विधी अभ्यास कौशल्य कार्यक्रम" एवढंच होतं, तेही बारीक अक्षरात. व्हॉट्सॲपवर एलएलबी, फोनवर एलएलबी, भिंतीवरच्या फलकावर एलएलबी, आणि जिथं सही होती तिथं कौशल्य कार्यक्रम. पुढे आमच्या नोटिशीला संस्थेचं उत्तर आलं, त्यात हेच : आम्ही पदवीचं आश्वासन दिलेलंच नाही, पावती पाहावी.

त्या दिवशी वकीलसाहेबांनी मला जे समजावलं, ते प्रत्येक इच्छुकानं आधी ऐकायला हवं. मला समुपदेशकानं करिअरची एक रंगीत पत्रिका दिली होती : न्यायाधीश, सरकारी वकील, बँकेत विधी अधिकारी, नोटरी. साहेबांनी एकेक ओळ घेतली. वकिली करायची तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी लागते आणि मग ऑल इंडिया बार परीक्षा. नोंदणी होते ती मान्यताप्राप्त महाविद्यालयाच्या पदवीवरच. नोंदणी नसताना कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत विधी अधिकाऱ्याला एलएलबीबरोबर बार कौन्सिलची नोंदणी मागतात. नोटरीला १० वर्षांची वकिली लागते, महिलांना ७ वर्षांची. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२५ च्या निकालात किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पत्रिकेतली चारही पदं पदवीच्या आणि सनदेच्या पलीकडे उभी आहेत. आणि "नोकरी करता करता प्रॅक्टिस" हे तर होतच नाही, पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्याला वकिली करायला बार कौन्सिलच्याच नियमांत मनाई आहे.

नोंदणीच्या नावानंही त्या संस्थेनं २५ हजार वेगळे मागितले होते, "बार कौन्सिलचं सेटिंग" म्हणून. ते मी दिले नव्हते. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिल घेऊ शकत नाही, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ते १२५ रुपये आहे.

मग ऑनलाइन कायदा शिकूच नये का? असं मी मुळीच म्हणत नाही, आणि हा भाग मला मनापासून सांगायचा आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा (वकिलांना साहाय्य करण्याच्या कामाचा) डिप्लोमा आहे. बंगळूरुच्या नॅशनल लॉ स्कूलचे सायबर कायदा, बौद्धिक संपदा अशा विषयांतले दूरस्थ पदव्युत्तर डिप्लोमा आहेत. सरकारच्या स्वयम् पोर्टलवर कायद्याचे अभ्यासक्रम फुकट आहेत. करार तपासणं, कंपन्यांचं अनुपालन, कायदेविषयक संशोधन, एखाद्या वकिलाच्या ऑफिसात मसुदे तयार करणं, या कामांना हे ज्ञान उपयोगी पडतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक होता येतं. आणि घरी अभ्यास करून खरोखर व्यवसाय हातात देणारा रस्ता म्हणजे कंपनी सेक्रेटरी. नियमित कॉलेज नाही, परीक्षा मात्र कडक. पुढे प्रॅक्टिस करणाऱ्या सीएसला कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे उभंही राहता येतं. फरक इतकाच की यांतली कुठलीही संस्था तुम्हाला "सनद मिळेल" असं सांगत नाही.

एलएलबीच करायची असेल तर महाराष्ट्रात नेहमीचं दार हे : राज्य सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा, नंतर महाविद्यालयात रोज हजेरी. कुणी "हजेरी आम्ही लावून देतो, परीक्षेपुरतं या" म्हणाला, तरी त्या वाटेनं जाऊ नका. पैसे भरायच्या आधी एक प्रश्न ईमेलवर विचारा : "या पदवीवर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे माझी नोंदणी होईल का?" उत्तर लेखी मागा. माझ्या माहितीतल्या दोघींनी हाच प्रश्न विचारला. एकीला उत्तरच आलं नाही, दुसरीला "ऑफिसला या, बोलू" असा फोन आला. दोघींचेही पैसे वाचले.

आता माझं कुठवर आलंय ते सांगते. फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार केली, तीस दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगात तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून दाखल केली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क लागत नाही, आणि तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत, असा बचाव संस्थेनं घेतला आहे. आमचं म्हणणं, ही शिक्षणसंस्था नाहीच, प्रवेश विकणारं दुकान आहे. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून वाट पाहू नका. व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका, फोनवर झालेल्या बोलण्याचं त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून उत्तर मागा, भिंतीवरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. आमच्या तक्रारीत तो फोटो सगळ्यात कामी आला. एकाच संस्थेनं एकाच पद्धतीनं फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. आम्ही चौघी आहोत. बर्डीवर पैसे भरलेले आणि पावतीवर "कौशल्य कार्यक्रम" लिहिलेले आणखी लोक नक्की आहेत, त्यांनी पावत्या शोधून ठेवाव्यात.