किमतीचा आलेख पाहून ऑनलाइन खरेदी : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एक हजार रुपयांवरची कोणतीही वस्तू तिच्या मागील किमतींचा आलेख पाहिल्याशिवाय मागवायची नाही, असा नियम मी गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैमध्ये घालून घेतला आणि दहा महिने तो बऱ्यापैकी पाळला. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी हिशेब सांभाळते. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतील चुका काढणारी बाई घरी आल्यावर ‘आज रात्री १२ पर्यंतच’ एवढ्या चार शब्दांना फसते, याची मलाच लाज वाटू लागली होती. त्या लाजेपोटी सुरू झालेल्या सवयीचा हा हिशेब आहे.

ॲमेझॉनवरील वस्तूंसाठी मी कीपा वापरते. संगणकाच्या ब्राउझरला ते एकदा जोडले की वस्तूच्या पानावरच तिच्या किमतीचा आलेख दिसू लागतो. आपल्याला हवी ती किंमत नोंदवून ठेवली, तर भाव तिथवर उतरल्यावर ईमेल येतो. साध्या घरगुती वापरासाठी पैसे पडत नाहीत. इतर संकेतस्थळांसाठी मोबाईलवर दुसरे एक ॲप घेतले आहे. त्याच्याविषयी माझ्या काही तक्रारी असल्याने त्याचे नाव लिहीत नाही. तिसरे साधन म्हणजे दोनशे पानी वही. तीत वस्तू, तारीख, दिसलेली किंमत आणि प्रत्यक्ष हातातून गेलेले पैसे असे चार रकाने आहेत. खरे सांगायचे तर तिन्हींत सर्वाधिक उपयोग वहीचाच झाला.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे खोडलेल्या किमतीकडे बघायचेच नाही. ती बहुतेक वेळा एमआरपी असते. वेष्टनबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार एमआरपी ही सर्व करांसह असलेली कमाल किंमत आहे, आणि १ जानेवारी २०१८ पासून ती ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवावी लागते. नियम चांगला आहे, पण तो फक्त वरची मर्यादा सांगतो. त्या किमतीला ती वस्तू कधी कोणी विकत घेतली होती, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यामुळे ‘४९ टक्के सूट’ ही लक्ष्मीपुरीच्या बाजारात कोणीही कधी न मोजलेल्या रकमेवरची सूट असते.

हे मला मिक्सरने शिकवले. आमच्याकडे वर्षाची चटणी कांडप यंत्रावरून कुटून येते, पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे वाटण घरीच होते आणि सुक्या खोबऱ्यापुढे जुना ५०० वॅटचा मिक्सर दम टाकू लागला होता. ऑगस्टमध्ये ७५० वॅटचा एक मिक्सर ६,५०० रुपये खोडून ३,२९९ रुपयांना दिसत होता. आलेख उघडला, तर तोच मिक्सर जूनमध्ये सलग तीन आठवडे २,९९९ रुपयांना मिळत होता. जुलैअखेर तो ३,६९९ वर नेला होता, तिथे अकरा दिवस ठेवला होता आणि मग ‘सेल’ म्हणून ३,२९९ वर आणला होता. आधी दोन पायऱ्या चढवायच्या आणि एक उतरवून दाखवायची, असा हा प्रकार. मी ३,०५० रुपयांची सूचना लावून ठेवली. दिवाळीत तो ३,१४९ पर्यंत आला आणि प्रजासत्ताक दिनाच्या सेलमध्ये पहाटे २,९४९ रुपयांचा ईमेल आला, तेव्हा मागवला.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साडेतीनशे रुपयांसाठी मी पाच महिने थांबले. त्या काळात एका रविवारी, मटण शिजत असताना, जुना मिक्सर कायमचा बंद पडला आणि पुढचे कित्येक आठवडे शेजारच्या काकूंचा मिक्सर आमच्या ओट्यावर येत-जात राहिला. रोज लागणाऱ्या वस्तूसाठी इतके थांबणे हा शहाणपणा नव्हता. तेव्हापासून वहीत प्रत्येक वस्तूपुढे ‘कधीपर्यंत थांबायचे’ ती तारीख लिहिते, आणि ती उलटली की त्या दिवशी जो भाव असेल तो देऊन मोकळी होते.

टीव्हीची खरेदी मात्र मी मनापासून केली, कारण तिथे माझ्या धंद्याचे ज्ञान उपयोगी पडले. ४३ इंची टीव्ही घ्यायचा होता. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना होती आणि दुसऱ्या दिवसापासून मोठ्या संकेतस्थळांचे सणासुदीचे सेल सुरू झाले. आम्हाला हवा असलेला टीव्ही आधी २५,९९० रुपयांना होता, तो सेलमध्ये २२,९९९ रुपयांना दिसू लागला आणि त्यावर ‘सणानिमित्त महाबचत’ अशी पट्टी झळकली.

२८ टक्के करासह २५,९९० रुपये असलेली वस्तू १८ टक्के कराने, विक्रेत्याने स्वतःचा एक पैसाही न सोडता, २३,९६० रुपयांच्या आसपास येते. म्हणजे दाखवलेल्या २,९९१ रुपयांच्या बचतीतील सुमारे २,०३० रुपये सरकारने कर कमी केल्याचे होते आणि विक्रेत्याने सोडलेले जेमतेम ९६० रुपये होते. आलेखाने घसरण अचूक दाखवली, पण ती कोणामुळे झाली हे आलेख सांगत नाही. कर बदलला असेल तेव्हा जुन्या किमतीला आधी नवा कर लावून घ्यावा आणि मगच सवलत मोजावी, हे मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

त्यावर बँकेच्या कार्डाची १० टक्के सवलत होती, परंतु ‘कमाल १,५०० रुपये’ ही अट बारीक अक्षरांत. २२,९९९ रुपयांचे १० टक्के २,३०० होतात. हाती आले १,५००, म्हणजे साडेसहा टक्के. कार्डाची सवलत आलेखात येत नाही, ती आपण स्वतः वजा करावी लागते. ती लगेच वजा होणार आहे की तीन महिन्यांनी कॅशबॅक म्हणून येणार आहे, हेही पाहावे. मी तर उशिरा येणारी कॅशबॅक हिशेबात धरतच नाही.

असा हा टीव्ही २१,४९९ रुपयांना पडत होता. भिंतीवर लावायची पट्टी मात्र त्यात धरलेली नव्हती. ती ६५० रुपयांची. एकूण २२,१४९. तरीही सवय म्हणून राजारामपुरीतील ओळखीच्या दुकानात गेले. तिथे २४,५०० रुपये सांगितले. मी आलेख पुढे केला, तर मालक म्हणाले, “वहिनी, कार्डाचं सोडा. पट्टी, फिटिंग आणि आज संध्याकाळी घरपोच धरून किती द्यायचे ते बोला.” बरीच घासाघीस होऊन २२,७०० वर सौदा ठरला. ऑनलाइनपेक्षा ५५१ रुपये जास्त. हा आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, “नवरात्रात अंबाबाईला ठेवलेत असं समज.” संध्याकाळी सात वाजता टेम्पो दारात होता आणि साडेआठला टीव्ही भिंतीवर. दीड महिन्याने आवाज येईनासा झाला तेव्हा एका फोनवर माणूस आला, आणि त्या ५५१ रुपयांबद्दल घरात पुन्हा कोणी काही बोलले नाही. किमतीच्या आलेखाचा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा हाच आहे, की तो दुकानात भाव करतानाही हाताशी असतो. दुकानदारालाही त्यात वावगे वाटत नाही. उलट ग्राहक नेमका किती भाव मनात धरून आला आहे हे त्याला कळते.

‘नो कॉस्ट ईएमआय’विषयी हिशेबनीस म्हणून दोन शब्द लिहिणे भाग आहे. यात बँक व्याज घेतेच. तेवढी रक्कम विक्रेता किमतीतून आधी वजा करून देतो, म्हणून बेरीज मूळ किमतीइतकी दिसते. ३०,००० रुपयांची वस्तू सहा हप्त्यांत आणि बँकेचा दर १५ टक्के धरला, तर व्याज साधारण १,२७० रुपये होते. ते व्याज विक्रेत्याने सोसले तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, आपल्या कार्डावर पडतो. वर १९९ रुपयांचे प्रोसेसिंग शुल्क असेल तर तेही करासह २३५ रुपयांना जाते. ‘नो कॉस्ट’ म्हणवणाऱ्या सोयीचे असे ४६४ रुपये झाले. शिवाय काही ठिकाणी हप्ते निवडताच रोखीची सवलत नाहीशी होते, ते वेगळेच. गरज असेल तर हप्ते जरूर घ्यावेत, पण फुकट समजून घेऊ नयेत.

मागे वळणारे घड्याळ आणि ‘फक्त २ शिल्लक’ यांबद्दल एक प्रयोग केला. एका संकेतस्थळावर चादरींच्या पानावर उलटी गणती चालू होती. रात्री नऊला ती शून्यावर येईपर्यंत मी पान उघडे ठेवून बसले. शून्य झाले, पान पुन्हा उघडले आणि घड्याळ सहा तासांवर गेलेले होते, किंमत तीच. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली आहे आणि त्यात खोटी घाई निर्माण करणे हा प्रकार आहे. ग्राहकाला न विचारता कार्टमध्ये काहीतरी घालणे हाही आहे. मला त्याचा फटका बसला तो शाळेच्या दप्तराबरोबर. ४९ रुपयांचे ‘संरक्षण’ आधीच टिक केलेले होते आणि मी ते पैसे भरल्यावर पाहिले. संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेने दोनदा टोलवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर मात्र पैसे परत आले. ४९ रुपयांसाठी एवढा वेळ घालवला म्हणून यजमान हसले, पण त्यानंतर आमच्या घरात सगळेच पैसे भरण्यापूर्वी कार्ट खालपर्यंत वाचतात.

ज्या ॲपचे नाव मी लिहिले नाही, त्याच्या तक्रारी अशा : ते एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या रंगांच्या आणि मापांच्या किमती एका रेषेत मिसळते, त्यामुळे मुलाच्या बुटांची ‘आजवरची नीचांकी किंमत’ ४ नंबरच्या बुटाची निघाली आणि आम्हाला हवा होता ८ नंबर. सूचना उशिरा येते. दोनदा तर मी पोहोचेपर्यंत माल संपलेला होता. आणि पिनकोडचा त्याला पत्ताच नसतो. पुण्या-मुंबईला पोहोचवणारा स्वस्त विक्रेता कोल्हापूरला माल पाठवत नाही असे पुष्कळदा होते, आणि आपला ४१६ पासून सुरू होणारा पिनकोड टाकला की दुसऱ्या विक्रेत्याचा वेगळाच भाव समोर येतो. म्हणून आलेख पाहण्याआधी पिनकोड टाकणे, हा क्रम मी आता कटाक्षाने पाळते. विक्रेत्याचे नावही पाहते, कारण परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांना स्वतःचा माल विकण्याची परवानगी नसल्याने तिथे विकणारा नेहमीच कोणीतरी तिसरा असतो.

परत करण्याच्या अटी हा भाग मी सुरुवातीला पूर्ण दुर्लक्षिला होता. सर्वांत स्वस्त विक्रेत्याकडे ‘७ दिवसांत फक्त बदलून मिळेल, पैसे परत नाहीत’ असे असते आणि शंभर रुपये महाग असलेल्याकडे पैसे परत मिळतात. इस्त्रीच्या बाबतीत मी शंभर रुपये वाचवले आणि दोनदा बदलूनही तसलीच इस्त्री आली. तिसऱ्यांदा मागण्याची हिंमत झाली नाही. ती अजून कपाटावर आहे. किराण्यात आलेखाचा काही उपयोग नाही. तिथे किलोचा भाव काढला की पुरते. ४ किलोचे मोठे पाकीट दोन किलोच्या दोन पाकिटांपेक्षा महाग पडल्याचे मी तीनदा पाहिले आहे.

दहा महिन्यांत अशा १४ वस्तू घेतल्या. खोडलेल्या किमतीशी तुलना केली तर संकेतस्थळे मला लाखभर रुपये ‘वाचवल्याचे’ सांगतील. प्रत्येक वस्तूची वर्षभरातील मधली किंमत धरून वहीने काढलेला आकडा ७,३०० रुपये आहे, आणि त्यात मी घालवलेल्या रात्री धरलेल्या नाहीत. याखेरीज नऊ वस्तूंसाठी सूचना लावून ठेवल्या होत्या, त्यांतील सहा वस्तू भाव उतरेपर्यंत नकोशाच झाल्या. ते पैसे कोणत्या रकान्यात लिहावेत हे मला अजून ठरवता आलेले नाही. कीपाला मी पाचपैकी चार गुण देईन, दुसऱ्या ॲपला दोन.

सध्या सासूबाईंसाठी शिलाई मशीन बघते आहे. सूचना ८,२०० ला लावली आहे, काल भाव ८,६४० होता आणि थांबायची तारीख या महिन्याची २५. त्याआधी शनिवारी एकदा लक्ष्मीपुरीत विचारून येणार आहे, कारण पायाने चालणारे मशीन जोडून आणि तेल घालून कोण देणार, हे ऑनलाइन पानावर कुठेच लिहिलेले नाही.