पेढीच्या नावापुढे काय: डॉट ज्वेलरी, डॉट इन की आणखी काही?

वेबसाइटचं नाव घ्यायला बसलं की धंद्याच्या नावाची शेपटी भुरळ घालते. सराफाला डॉट ज्वेलरी, केटररला डॉट केटरिंग, फोटोग्राफरला डॉट फोटोग्राफी. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ साली नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले तेव्हा १,९३० अर्ज आले होते. २०१४ पासून त्यातल्या शेकडो बाजारात उतरल्या.

दुकानदारांच्या साइट बनवणं हा माझा धंदा. एका सराफांनी हौसेने डॉट ज्वेलरी घेतलं. पेढीत बसलो होतो, तेव्हा त्यांचा मुलगा फोनवर कुणाला तरी ईमेल सांगत होता.

"डॉट ज्वेलरी."

"बरं, आणि पुढे डॉट कॉम ना?"

"नाही हो, ज्वेलरीवरच संपतं."

मग स्पेलिंग. आपण शाळेत शिकलो ते दोन एल आणि मध्ये एक जास्तीचा ई असलेलं. शेपटी मात्र अमेरिकन वळणाची, एका एलची. दुकानाच्या पाटीवर एक स्पेलिंग, ईमेलमध्ये दुसरं. शेवटी त्याने कंटाळून पत्ता व्हॉट्सॲपवर टाकला.

डॉट इनला हा त्रास नाही. ऐकलं की लिहिता येतं, आणि धंदा इथला आहे हे गिऱ्हाइकाला आणि गुगललाही कळतं. वर्षाला खर्च हजाराच्या आतबाहेर. डॉट कॉमही तेवढंच तोंडात बसलेलं, पण सोपी नावं कधीच गेली आहेत. त्याचा घाऊक दर करारानेच बांधलेला असतो, वाटेल तेवढा वाढत नाही. नव्या शेपट्यांना तसा लगाम नाही. पहिल्या वर्षी शंभरेक रुपयांत मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षी दोन-तीन हजार मागू शकतं. म्हणून जाहिरातीतला आकडा बघू नका, नूतनीकरणाचा विचारा.

डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतं. पाटीवर देखणं दिसतं. पण देवनागरी ईमेल पत्ता अजून कित्येक फॉर्म स्वीकारत नाहीत, आणि 'ज्वेलर्स' की 'ज्युवेलर्स' हा घोळ मराठीतही आहेच.

मग धंद्याची शेपटी कुणीच घेऊ नये का? घ्यावी, पण जिथे दारावर कुणीतरी कागद तपासतं तिथे. डॉट ज्वेलरी घ्यायला सोनाराची फुंकणीही दाखवावी लागत नाही. उद्या कुणी भामट्यानेही घेतलं तरी कोण विचारणार? डॉट को-ऑपचं तसं नाही, ते सहकारी संस्थांनाच मिळतं. अमूलच्या पाकिटावरचा ग्राहक सेवेचा ईमेल वाचून बघा, शेवट तोच आहे. आपल्याकडे एवढ्या दूध संस्था, पतसंस्था आहेत, पण ही शेपटी फार कुणी वापरताना दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.

बँकांना तर आता निवडच उरलेली नाही. फसव्या साइटना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना, नागरी सहकारी बँकांसकट, 'बँक डॉट इन'वर जायला सांगितलं. मुदत ३१ ऑक्टोबरची होती. ही नावं फक्त आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेचीच हैदराबादची संस्था देते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तेव्हा तिला ते मिळणार नाही. तिच्यासाठी डॉट को-ऑप किंवा साधं डॉट इन.

सराफ, केटरर, होमस्टेवाले यांना मी डॉट इनच सांगतो. नाव आधीच गेलं असेल तर पुढे गावाचं नाव जोडा. आणि नोंदणी स्वतःच्या नावावर करा, माझ्यासारख्या साइटवाल्याच्या नको.

त्या सराफांनी नवी कार्डं डॉट इनची छापली. जुन्याचे पैसे मात्र दरवर्षी भरतातच, कारण दागिन्यांच्या मखमली डब्यांवर ते सोनेरी अक्षरांत उमटलंय, आणि नाव सोडलं तर ते दुसरा कुणीही उचलेल. डबे अजून दोन पोती शिल्लक आहेत.